दुसरा स्पर्श

शास्त्रवाचन : मार्क ८:२२-२६



गेल्या वर्षी एका रविवारी उपासनेत शास्त्रपाठ वाचण्यासाठी मी उभा राहिलो. पान उघडले आणि अक्षरे एकमेकांत मिसळू लागली. पुस्तक जरा दूर धरले, आणखी दूर धरले. शेवटी हात तोकडे पडले. भाग पाठ होता म्हणून वेळ मारून नेली. घरी आल्यावर पत्नी म्हणाली, "आज तुम्ही दोन वचने गाळलीत. एकदा डोळे दाखवून या की." मी म्हणालो, "मला सगळे दिसते."

ते खरे नव्हते. चाळिशीच्या सुमारास डोळ्यातील भिंगाची लवचीकता कमी होते आणि जवळचे अंधुक दिसू लागते. हे सर्वांनाच होते. म्हणून तर त्या चष्म्याला आपल्या भाषेत 'चाळिशी' म्हणतात. त्यात लाजण्यासारखे काही नव्हते. तरी मी लाजलो, आणि तीन महिने देवाच्या मंदिरात देवाचे वचन अंदाजाने वाचीत राहिलो. "मला सगळे दिसते" हेच वाक्य मी पूर्वी आणखी एका व्यक्तीच्या तोंडून ऐकले होते. ते पुढे सांगतो. आधी शास्त्रभागाकडे वळू या.

बेथसैदा येथे लोकांनी एका आंधळ्याला प्रभूकडे आणले. प्रभूने त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेले, त्याच्या डोळ्यांना थुंकी लावली, त्याच्यावर हात ठेवले आणि त्याला काही दिसू लागले की नाही, याची चौकशी केली. त्या मनुष्याने वर पाहून सांगितले की माणसे दिसतात खरी, पण ती झाडे चालावीत तशी दिसतात. तेव्हा प्रभूने पुन्हा त्याच्या डोळ्यांवर हात ठेवले, आणि मग त्याला सर्व स्वच्छ दिसू लागले. हा प्रसंग एकट्या मार्कानेच लिहून ठेवला आहे. अशी दोन टप्प्यांनी आलेली दृष्टी शुभवर्तमानांत दुसरीकडे आढळत नाही.

मग पहिल्या वेळी प्रभूचे सामर्थ्य कमी पडले काय? ज्याच्या शब्दाने वादळ शांत झाले, त्याच्याविषयी असे कोण म्हणेल? मार्काने हा प्रसंग कोठे ठेवला आहे ते पाहा. याच्या थोडे आधी प्रभू शिष्यांना विचारतो की डोळे असून तुम्हांला कसे दिसत नाही. याच्या लगेच नंतर पेत्र प्रभूला ख्रिस्त म्हणून ओळखतो, आणि थोड्याच वेळात वधस्तंभाची गोष्ट निघताच त्याच प्रभूला अडवू पाहतो. पेत्राला दिसत होते, पण अंधुक दिसत होते. अंधुक दिसणारा मनुष्य स्वतःला डोळस समजतो, हाच त्यातला धोका आहे.

या शास्त्रभागातून तीन गोष्टी आपण ध्यानात घेऊ.

पहिली गोष्ट : प्रभूने विचारले.

येथे मला माझ्या आईविषयी सांगितले पाहिजे. आम्ही बेळगाव भागातले. वडील प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्यावर आई आमच्याजवळ राहू लागली. तिचे वय तेव्हा सदुसष्ट होते. काही दिवसांनी ती दाराच्या चौकटीला खांदा आपटू लागली. अंगणात वाटेतली घागर तिच्या पायाने लवंडू लागली. उपासनेत गीतपुस्तक उघडे असे, पण ती गात असे ते पाठ असलेले. मी एकदा सहज म्हणालो, "आई, दिसतंय ना नीट?" ती म्हणाली, "दिसतंय की रे सगळं. तू कशाला काळजी करतोस?" मुलांच्या फीचे दिवस होते, हे तिला ठाऊक होते. आणि तिने तसे म्हटले याचे मला बरेच वाटले, हेही आज कबूल करतो. मोतीबिंदू असेल, पिकला की काढू, असे आम्ही घरात ठरवून टाकले आणि रोज रात्री कुटुंबप्रार्थनेत तिच्या डोळ्यांसाठी प्रार्थना करीत राहिलो.

अशी दोन वर्षे गेली. एका रविवारी ती मंदिराच्या पायरीवर पडली, तेव्हा मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. तिला थोडा मोतीबिंदू होता. पण खरा चोर दुसराच होता. काचबिंदू! या रोगात बहुधा डोळ्यातील दाब वाढतो आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी मज्जा हळूहळू मरते. बहुतेकांना काही दुखत नाही, खुपत नाही. आधी बाजूचे दिसणे जाते, समोरचे राहते, म्हणून रोग्यालाही कळत नाही. आईचा उजवा डोळा गेला होता आणि डाव्यात मधले थोडेसे उरले होते. डॉक्टर म्हणाले, "गेलेली दृष्टी परत येणार नाही. उरलेली राखू शकतो. दोन वर्षे आधी आणायला हवे होते."

प्रियजनहो, बेथसैदाच्या आंधळ्याला माणसे झाडांसारखी दिसत होती. माझे डोळे तेव्हा चांगले होते, आणि माझ्याच घरात माझी आई मला चालत्या झाडासारखी दिसत होती. ती हलताना दिसे, फिरताना दिसे. तिचे काय चालले आहे ते दिसत नव्हते. मी तिला विचारले होते, पण उंबऱ्यातून बाहेर पडता पडता. प्रभूने आधी हात धरला, गर्दीतून बाजूला नेले, आणि मग विचारले. आपल्या विचारण्यात आणि प्रभूच्या विचारण्यात हा फरक आहे.

दुसरी गोष्ट : त्या मनुष्याने खरे ते सांगितले.

सगळे गाव त्याच्याकडे डोळे लावून बसले असेल. प्रभूने स्वतः हात ठेवले होते. "दिसते" एवढे म्हणून तो घरी जाऊ शकला असता, आणि जन्मभर झाडांमध्ये वावरला असता. परंतु अपुरे बरे झालो असे सांगण्यात प्रभूचा अपमान आहे असे त्याला वाटले नाही. आपल्याला मात्र वाटते. प्रार्थना झाल्यावर "अजून अंधुकच दिसते" असे म्हणणे म्हणजे अविश्वास, असे आपल्या मंडळ्यांत पुष्कळांना वाटते. काहीजण तर औषध घेणेच अविश्वासाचे समजतात. पौलाने पोटाच्या दुखण्यासाठी तीमथ्याला पाण्याऐवजी थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितले, आणि त्याचा प्रिय सोबती लूक हा वैद्य होता, हे आपण विसरतो. डोळा देवाने दिला, आणि तो राखण्याचे ज्ञानही त्यानेच दिले.

तिसरी गोष्ट : प्रभूने पुन्हा हात ठेवला.

त्याने त्या मनुष्याला दोष दिला नाही, अर्धवट सोडलेही नाही. आईच्या बाबतीत तो दुसरा स्पर्श डॉक्टरांच्या हातून आला असे मी मानतो. रोज ठरल्या वेळी डोळ्यात थेंब घालणे हा आमच्या कुटुंबप्रार्थनेचा भाग झाला. पुढे सहा वर्षे, प्रभूने तिला बोलावीपर्यंत, ती उरलेली दृष्टी टिकली. नातीचे तोंड ती दोन्ही हातांत धरून, अगदी समोर आणून पाहत असे. ते दोन वर्षांपूर्वी झाले असते, तर तिने ती सारी खोली पाहिली असती. प्रभूने मला क्षमा केली आहे. पण तुमच्या घरी असे होऊ नये म्हणून हे लिहीत आहे.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. चाळिशीनंतर दर एकदोन वर्षांनी डोळे तपासून घ्यावेत. नंबर काढताना दाब आणि डोळ्याचा पडदाही पाहण्यास सांगावे. आईबापांना किंवा भावंडांना काचबिंदू असेल तर हे टाळूच नये. मीही आता दरवर्षी जातो. मधुमेह असणाऱ्यांनी, चांगले दिसत असले तरी, वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासावा. मोतीबिंदू 'पिकण्याची' वाट पाहण्याची आज गरज नाही. तो थेंबांनी विरघळत नाही. रोजच्या कामाला अडचण होऊ लागली की शस्त्रक्रिया करून घ्यावी. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमामुळे सरकारी रुग्णालयांत ती मोफत होते. एकाएकी अंधुक दिसू लागले, डोळ्यापुढे पडदा आला किंवा विजेसारखे चमकू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. डोळ्यात चुना गेला तर आधी भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धुवावा आणि मग धाव घ्यावी. दुकानातून आपल्या मनाने थेंब आणू नयेत; काही औषधांनीच काचबिंदू होतो.

घरगुती उपायांविषयीही सावध राहा. जिची गीते जगभरच्या मंडळ्यांत गायली जातात ती फॅनी क्रॉसबी १८२० साली जन्मली. सहा आठवड्यांची असताना तिचे डोळे आले, वैद्य म्हणविणाऱ्या एका माणसाने मोहरीचे पोटीस लावले आणि दृष्टी गेली, असे तिने स्वतः सांगितले आहे. देवाने तिच्या अंधारातून गीते काढली, म्हणून ते पोटीस चांगले ठरत नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक विनंती. मागच्या बाकावरचा जो मुलगा फळ्यावरचे वचन उतरवून घेत नाही, शेजाऱ्याच्या वहीत पाहतो, डोळे बारीक करतो, त्याला 'मठ्ठ' म्हणण्याआधी पुढे बोलवा. एक डोळा झाकून वाचायला सांगा, मग दुसरा. एका चांगल्या डोळ्याच्या आड दुसरा अधू डोळा पुष्कळ दिवस लपून राहतो, आणि त्याचा उपाय लहान वयातच नीट होतो. पण त्याला वर्गासमोर विचारू नका. प्रभूने केले तसे, हात धरून बाजूला न्या.

आज उपासनेवरून घरी गेल्यावर आपल्या घरातील वडीलधाऱ्यांजवळ थोडा वेळ बसा. तेही "सगळे दिसते" असे म्हणतील. तेवढ्यावर उठू नका.

प्रार्थना : हे प्रभू येशू, आम्हांला अंधुक दिसते हे तुझ्यापुढे कबूल करण्याची लाज आमच्यातून काढून टाक. आमच्या घरातील माणसे आम्हांला झाडांसारखी नव्हे, तर माणसांसारखी दिसोत. ज्यांची दृष्टी गेली आहे त्यांचा हात तू धर, आणि आमच्या हातांनीही धर. ज्या हातांनी वैद्य आणि परिचारिका डोळ्यांची सेवा करतात त्यांना आशीर्वाद दे. आमच्यावर पुन्हा हात ठेव, आणि स्वच्छ दिसेपर्यंत आम्हांला सोडू नको. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.