इन्स्पेक्टर ईगल आणि बाकीचे पाच

संशय घेणं ही एकेकाळी घरादारानं मिळून करायची करमणूक होती. त्यासाठी एक रेडिओ लागे आणि पोस्टात लायसन्सचे पैसे भरल्याची पावती. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूर केंद्रांवर विविध भारतीत जाहिराती सुरू झाल्या आणि पुढे सत्तरच्या दशकात त्याच वाटेनं इन्स्पेक्टर ईगल अवतरले. आवाज विनोद शर्मांचा, सोबतीला हवालदार नाईक, आणि खर्च ईगल थर्मासवाल्यांचा.

वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. आमच्याकडचे खून धुऱ्यावरून होत आणि ते कोण करणार हे गावाला महिनाभर आधीच ठाऊक असे. खुनी माहीत नसण्याची मौज रेडिओनंच दाखवली. वडील सांगतात, ओसरीवर पंधरा माणसं जमत आणि कुणी घोगऱ्या आवाजात बोललं की पंधराही जण एकदम ओरडत, "ह्योच!" रेडिओवर चेहरा दिसत नाही, तेव्हा आवाजावरच फाशी. सर्दी झालेल्या नटाची धडगत नव्हती. ईगलसाहेब मात्र सर्वांवर सारखाच संशय घेत. थर्मास तेवढा त्यातून सुटे.

शेवटी एकजण सापडे आणि मंडळी जेवायला उठत. माझं घोडं इथंच अडतं. सहांतला एक सापडला. बाकीच्या पाचांचं काय? 'काल रात्री कुठं होतास?' असं ज्याला विचारलं, तो स्वयंपाकी दुसऱ्या दिवशी त्याच घरात पोळ्या कशा लाटत असेल? अमेरिकेत १९४९ साली रेडिओवर 'ड्रॅगनेट' सुरू झालं. त्यात गोष्ट खरी असे, पण निर्दोषांना त्रास नको म्हणून नावं बदलत. चला, कुणाला तरी त्यांची आठवण होती!

संशय वाईट असं मी म्हणणार नाही. बँकेत आमची भाकरीच त्यावर आहे. सही ताडून बघायची, नोट उजेडात धरायची. पण चुकून कुणाच्या नावे रक्कम पडली, तर उलटी नोंद करून ती फेडावी लागते, हे कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. संशय खोटा ठरला तर उलटी नोंद कुठल्या खात्यात करायची, ते कुणी शिकवत नाही.

निराधार योजनेचे पैसे न्यायला एक आजी येतात. जन्मभर निंदणं-खुरपणं करून अंगठ्याच्या रेषा गेलेल्या. मशीन म्हणालं, जुळत नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. रांगेतून एकजण म्हणाला, "कोनाचा अंगठा घिऊन आली वं बुढे?" सगळे हसले.

"अंगठा माहाच आहे," आजी मला म्हणाल्या. "तुह्या मशीनले वयख नाही, त मी काय करू बापू?"

चौथ्यांदा जुळला. मशीननं पावती दिली, मी पैसे दिले. हसणारे आता घड्याळाकडे बघत होते.

आजींनी नोटा मोजल्या. मग खिडकीतून हलल्या नाहीत. एकेक नोट उजेडात धरून, उलटीसुलटी करून, त्यांनी सावकाश तपासली.