बेरोजगार तरुण आणि कुऱ्हाडीचा दांडा



नागपूरचा मोमिनपुरा ही मूळची विणकरांची वस्ती. हातमागाच्या आवाजात येथील पिढ्या वाढल्या. 1877 साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलनेही असंख्य नागपूरकरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. आज मिलच्या जागेवर मॉल उभा आहे. बापाचा हुन्नर मुलाच्या कामी येत नाही आणि मुलाच्या पदवीला बुटीबोरीत किंवा मिहानमध्ये जागा मिळेलच असे नाही.

अशा तरुणाचे मन आपण कधी जाणून घेतले आहे काय? वडिलांच्या नजरेला नजर देणे नको म्हणून तो उशिरा उठतो. ‘सध्या काय करतोस?’ हा प्रश्न नको म्हणून लग्नकार्य टाळतो. आपण मात्र त्याला आळशी ठरवून मोकळे होतो.

हजरत अनस (रजि.) यांनी कथन केलेला एक प्रसंग ‘अबू दाऊद’ या हदीससंग्रहात आहे. एक अन्सारी गृहस्थ मदत मागण्यास आला. आदरणीय प्रेषितांनी (स.) त्याला विचारले की, घरात काय आहे? अंथरण्या-पांघरण्याचे एक जाडेभरडे वस्त्र आणि पाणी पिण्याचे एक भांडे, एवढाच त्याचा संसार होता. प्रेषितांनी (स.) त्या वस्तूंचा लिलाव केला. दोन दिरहम आले. एकाचे अन्न घरी पोहोचवावयास आणि दुसऱ्याची कुऱ्हाड आणावयास सांगितले. कुऱ्हाडीला दांडा स्वतःच्या पवित्र हातांनी बसविला आणि लाकडे तोडून विकण्यास पाठविले. पंधरा दिवसांनी तो परतला तेव्हा त्याच्याजवळ दहा दिरहम होते.

येथे टोमणा नाही. आधी घरच्यांची भूक भागविली, मग साधन दिले, मग दिशा दाखविली आणि परत येण्याची मुदतही ठरवून दिली. आपण उपदेश भरपूर देतो. दांडा कोण बसवितो? कारागिराला जकातीतून त्याची अवजारे घेऊन देणे अनेक फकीहांनी योग्य मानले आहे. मोहल्ल्यातील एखाद्या मुलाला शिलाई मशीन, दुरुस्तीची हत्यारे किंवा बिनव्याजी कर्ज देणे आपल्या जमातीला अशक्य आहे काय?

आणि तरुण मित्रा, तुझी किंमत पगाराच्या आकड्यावर ठरत नाही. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) मक्केतील सर्वस्व सोडून मदीनेत आले. अन्सारी बंधूने अर्धी संपत्ती देऊ केली, तेव्हा त्यांनी त्याला दुआ दिली आणि फक्त बाजाराची वाट विचारली. सुरुवात तूप आणि पनीर विकण्यापासून झाली. हलाल कष्ट कधीच हलके नसतात. प्रयत्न आपले, रोजी अल्लाहच्या हाती.

मन खचणे म्हणजे इमान खचणे नव्हे. चिंता, दुःख, असमर्थता, आळस आणि कर्जाचे ओझे यांपासून प्रेषित (स.) स्वतः अल्लाहचा आश्रय मागत. जीव नकोसा वाटू लागला तर गप्प राहू नकोस. आईला सांग, मित्राला सांग, टेलिमानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोल. उपचार घेणे हीसुद्धा प्रेषितांचीच (स.) शिकवण आहे.

माता-पित्यांनो, आज रात्री दस्तरखानावर मुलाला शेजारी बसवा आणि नोकरीचा विषय न काढता त्याच्या ताटात वाढा.

अल्लाह आपल्या मुलांना हलाल रोजी आणि मनाची शांती देवो. आमीन.