जिंकलेला दावा

दिवाणी दावा जिंकलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर मला पाहून घ्या. एका स्नेह्याला उसने दिलेले वीस हजार रुपये काही केल्या परत येईनात. ‘एक तारखेला नक्की!’ हे त्याचे पालुपद. शेवटी तीन वर्षांची मुदत संपायच्या आत दावा ठोकला आणि जिंकलो. पेढे घेऊन घरी आलो, तर ही म्हणाली, “पैसे कुठायत?”

तोच प्रश्न मी वकीलसाहेबांना विचारला.

“अहो, हुकूमनामा म्हणजे पैसे नव्हेत. पैसे तुमचे आहेत, एवढंच कोर्टानं सांगितलं. आता वसुलीची दरखास्त द्या. बारा वर्षं आहेत.”

“मग जप्ती आणा!”

त्यांनी १९०८ची दिवाणी प्रक्रिया संहिता उघडली. कलम ६०. नेसूचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे, बायकोचे मंगळसूत्र – कशालाही हात लावायचा नाही.

“तुरुंगात तरी टाका!”

“टाकू की. पण त्याच्या तिथल्या जेवणाचा भत्ता तुम्ही भरायचा. शिवाय ऐपत असून तो देत नाही, हे दाखवावं लागेल. नुसता कफल्लक आहे म्हणून कोंडता येत नाही. १९८० साली सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय.”

म्हणजे बुडवणार तो आणि खानावळ चालवणार मी! मी चिडून म्हणालो, “आणि तीन वर्षं उलटून गेली असती तर?”

“दावा बुडाला असता. कर्ज नव्हे.”

“म्हणजे?”

“मुदत गेली की कोर्टाचं दार बंद होतं, देणं संपत नाही. मुदतबाह्य कर्ज फेडीन असं लेखी, सहीनिशी वचन दिलं, तर १८७२चा करार कायदा तेसुद्धा मानतो.”

मी एकदम गप्प झालो. कारण खानावळ म्हटल्यावर मला मावशींची खानावळ आठवली. कॉलेज संपले तेव्हा दोन महिन्यांचे बिल थकवून मी गाव सोडले होते. त्याला तीस वर्षे झाली. माझ्यावर दावा नाही, हुकूमनामा नाही. कायद्याच्या दृष्टीने मी अगदी धुतल्या तांदळासारखा! पण मावशींनी वाढलेला भात काही मुदतबाह्य होत नाही. स्नेह्याचे देणे मला कोर्टाकडून लिहून घ्यावे लागले. माझे मला पाठ होते, तरी मी ते कधी म्हणून दाखवले नव्हते.

रात्री सगळे हिला सांगितले. ती म्हणाली, “मग देऊन या ना. मावशी नसल्या तर मुलं असतील.”

“जाणार तर! एक तारखेला नक्की!” मी म्हणालो आणि जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी पहाटेची एस.टी. धरली. महिन्याची तेवीस तारीख होती.