काळेपण आणि काळोख

काळा रंग आणि काळोख यांत भेद आहे काय, आणि असल्यास तो कशाच्या आधारे ओळखावा, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी शतकानुशतके गांभीर्याने चर्चिला आहे. काळ्या पिसांच्या पक्ष्याचे छायाचित्र घेताना एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यातील संवेदकावर किती प्रकाश पडू द्यावा याचे प्रमाण, ठरवावे लागते, तेव्हा हाच प्रश्न व्यवहाराच्या रूपात उभा राहतो. कारण ते प्रमाण चुकते ते बहुधा यंत्र काळेपणाला काळोख समजते म्हणून. ही चूक केवळ तांत्रिक नसून ज्ञानाच्या स्वरूपाशी निगडित आहे, आणि तिचे निदान करण्यासाठी न्यायदर्शनाची, म्हणजे भारतीय तर्कपरंपरेची, परिभाषा अतिशय उपयोगी पडते.

तम, म्हणजे काळोख, हे द्रव्य आहे की अभाव, याविषयी मूळ वाद असा आहे. कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसकांच्या मते तम हे स्वतंत्र द्रव्य होय, कारण ते काळे दिसते आणि सरकतानाही दिसते, आणि रंग व गती ज्यात आहेत ते द्रव्यच असले पाहिजे. न्याय-वैशेषिकांनी याला नकार दिला. रंग असलेले द्रव्य डोळ्यांना दिसावे यासाठी प्रकाशाचे साहाय्य लागते, तम मात्र प्रकाश नसतानाच प्रतीत होते. शिवाय त्याची गती ही दिवा हलल्यामुळे भासणारी गती आहे. म्हणून तम म्हणजे तेजाचा अभाव, एवढेच त्यांचे म्हणणे. दहाव्या शतकाच्या अखेरीस ‘न्यायकंदली’ लिहिणाऱ्या श्रीधरांनी तिसरी बाजू मांडली, ती अशी की तम म्हणजे जेथे रंग नाही तेथे आरोपित केलेले काळे रूप. मात्र तमाला अभाव मानणाऱ्या याच परंपरेने काळ्या रंगाला अभाव म्हटलेले नाही, ही गोष्ट येथे फार महत्त्वाची आहे. अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त रूपाचे, म्हणजे केवळ डोळ्यांनी कळणाऱ्या गुणाचे, जे सात प्रकार सांगितले आहेत, त्यांत शुक्लाच्या शेजारी नील आहे, आणि काळा त्या नीलातच मोडतो. म्हणजे कावळ्याचे काळेपण हा त्याच्या पिसांत वसलेला भावरूप गुण आहे; तेथे काही उणे आहे असे नाही.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाला हा भेद करता येत नाही. तो वस्तूवर पडणारा प्रकाश मोजत नाही. वस्तूवरून परत येणारा प्रकाश तेवढा मोजतो, आणि समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम राखाडी छटेची आहे असे गृहीत धरून एक्स्पोजर सुचवतो. छायाचित्रणात प्रमाण मानले गेलेले राखाडी कार्ड आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे 18 टक्के प्रकाश परत पाठवते. साडेचार टक्के प्रकाश परतवणारा काळा पृष्ठभाग त्याच्या खाली दोन स्टॉप असतो. स्टॉप म्हणजे प्रकाशाची दुप्पट किंवा निमपट. अशा पृष्ठभागाने चौकट भरली, तर मापक तो दोन स्टॉप वर ओढतो आणि पक्षी धुरकट, राखाडी उमटतो. नव्या कॅमेऱ्यांतील मापन दृश्याचे अनेक भाग पाडून त्यांची तुलना करते, त्यामुळे चूक पुष्कळदा कमी होते, पण गृहीतक बदलत नाही.

न्यायाच्या भाषेत मापकाचे हे अनुमान असे मांडता येईल: येथे प्रकाश कमी आहे, कारण येथून परतणारा प्रकाश कमी आहे. यातील हेतू, म्हणजे अनुमानासाठी दिलेले कारण, सव्यभिचार आहे; जेथे साध्य, म्हणजे सिद्ध करायची गोष्ट, आहे तेथे आणि जेथे ते नाही तेथेही जो आढळतो, त्या हेतूला ही संज्ञा आहे. परतणारा प्रकाश सावलीतही कमी असतो आणि भर उन्हात बसलेल्या कोतवाल पक्ष्याच्या पाठीवरूनही कमीच असतो, म्हणून त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. हाच कोतवाल विजेच्या तारेवर, उजळ आभाळाच्या पार्श्वभूमीवर बसला, की दोष उलट दिशेने प्रकट होतो: आभाळाच्या तेजाने मापक दबतो, एक्स्पोजर कमी करतो, आणि पक्ष्याची केवळ काळी आकृती उरते. पहिल्या प्रसंगी छायाचित्रकाराला मापकाच्या सूचनेतून एक-दोन स्टॉप वजा करावे लागतात, दुसऱ्या प्रसंगी तितकेच वाढवावे लागतात. पक्षी तोच, पिसेही तीच. म्हणून काळ्या पक्ष्यासाठी अमुक इतके वजा करावे असा सरसकट नियम सांगणे हे शिकणाऱ्याची दिशाभूल करणारे आहे, असे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

खरा उपाय हेतू बदलण्याचा आहे. पक्ष्यावर आणि छायाचित्रकारावर एकच ऊन पडत असेल, तर स्वतःच्या तळहातावरून, गवतावरून किंवा राखाडी कार्डावरून मापन घेता येते, आणि त्या क्षणी पक्ष्याच्या रंगाचा प्रश्नच अनुमानातून बाहेर पडतो. घरकावळ्याची मान राखाडी असल्याने असा आधार त्याच्या अंगावरच उपलब्ध असतो. छायाचित्रकार ज्याच्याकडे क्वचितच वळून पाहतात, त्या या पक्ष्याइतका चांगला शिक्षक या विषयात दुसरा नाही.

येथे एक गंभीर आक्षेप उपस्थित होतो. भौतिकशास्त्रानुसार काळी वस्तू म्हणजे जवळजवळ सगळा प्रकाश शोषून घेणारी वस्तू. मग काळेपण हाही परतणाऱ्या प्रकाशाचा अभावच नव्हे काय? या आक्षेपाला उत्तर आहे. दुपारच्या उन्हात पडलेला कोळसा मंद दिव्याखालील पांढऱ्या कागदापेक्षा अधिक प्रकाश डोळ्यांकडे पाठवतो, तरी कोळसा काळा आणि कागद पांढराच दिसतो. कारण दृष्टी प्रकाशाची राशी मोजत बसत नाही, आसपासच्या पृष्ठभागांशी असलेले गुणोत्तर पाहते. शिवाय शोषून घेण्याची क्षमता हा पिसाचा स्वतःचा धर्म आहे, आणि मध्यरात्री तो दिसत नसला तरी पिसातच असतो. पिसांना काळेपण देणारे मेलॅनिन हे रंगद्रव्य पक्ष्याच्या शरीरात घडवले जाते आणि पिसांना ते बळकटीही देते. न्यू गिनीतील काही स्वर्गीय पक्ष्यांच्या काळ्या पिसांचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. त्यांतील सर्वांत काळी पिसे समोरून पडलेल्या प्रकाशापैकी अवघा 0.05 टक्का परत पाठवतात. हे केवळ रंगद्रव्याने साधत नाही. पिसांचे सूक्ष्म तंतू अशा रीतीने उभे राहिलेले असतात की त्यांच्यामध्ये शिरलेला प्रकाश पुन्हा पुन्हा आदळत शोषला जातो. इतक्या गुंतागुंतीच्या रचनेतून निर्माण होणाऱ्या गुणाला अभाव म्हणणे सयुक्तिक ठरत नाही.

यावरून छायाचित्राच्या यथार्थतेविषयीही काही ठरवता येते. कागदावरील चित्र उन्हाचे तेज कधीच धारण करू शकत नाही. त्यात टिकू शकतात ती छटांमधील नाती. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी 1940च्या सुमारास सिद्ध केलेल्या, छटांना गडदपासून उजळपर्यंत क्रमांक देणाऱ्या झोन पद्धतीत मध्यम राखाडी पाचव्या झोनमध्ये येते आणि पोत दिसेल अशी गडद छटा तिसऱ्यात, म्हणजे तिच्या दोन स्टॉप खाली, ठेवली जाते. काळ्या पिसाचे योग्य स्थान बहुतेक वेळा तेच आहे. त्याहून खाली गेल्यास पिसांची घडण नाहीशी होते आणि पक्षी आकृतीपुरता उरतो. संगणकावर गडद भाग अतोनात उजळल्यास घडण दिसते, पण पक्षी काळा राहत नाही. संधिप्रकाशातील आकृती हे असत्य नव्हे, कारण डोळ्यांनाही तेव्हा तेवढेच दिसते; मात्र पिसे गमावलेले भरदुपारचे चित्र त्या सबबीखाली खपवता येणार नाही.

तथापि न्यायमताची मर्यादाही नोंदवली पाहिजे. जांभळ्या शिंजिराचा नर सावलीत काळा दिसतो आणि उन्हात मान वळवताच जांभळा-निळा चमकतो, कारण त्याच्या पिसांतील केराटिन हे प्रथिन व मेलॅनिन यांच्या सूक्ष्म थरांवरून परतणाऱ्या लहरी काही कोनांत एकमेकींना बळ देतात. न्याय-वैशेषिकांना वस्तूचे रूप बदलणे मान्य आहे, पण ते उष्णतेच्या संयोगाने, जसा मातीचा घडा भाजल्यावर लाल होतो. येथे पिसात काहीच बदललेले नाही, बदलला आहे तो सूर्य, पीस आणि पाहणारा यांच्यातील कोन. अशा रूपाचे अधिष्ठान एकट्या पिसात मानता येत नाही, तसेच त्याला भासही म्हणता येत नाही, कारण त्याच कोनात उभ्या असलेल्या कोणालाही ते दिसते. परिणामी या पक्ष्याच्या बाबतीत काळ्या पिसांसाठी निश्चित केलेले एक्स्पोजर मान वळताच चमकत्या भागासाठी अधिक ठरते, तेथील रंग पांढुरका होऊन त्याचे तपशील नष्ट होतात, आणि काळे व चमकते यांपैकी कोणते रूप पक्ष्याचे म्हणून नोंदवायचे याचा निर्णय शटर दाबण्यापूर्वीच घ्यावा लागतो.