ऋण, दोष आणि माफीचा अधिकार

जर्मन भाषेतील ‘शुल्ड’ या शब्दाचा अर्थ दोष असा आहे, आणि त्याच शब्दाचे अनेकवचन ‘शुल्डन’ पैशाच्या कर्जासाठी वापरले जाते. दोषाची कल्पनाच मुळात धनको-ऋणकोच्या व्यवहारातून जन्माला आली, असे फ्रिडरिख नीत्शे यांनी १८८७ च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात या शब्दसाम्याच्या आधारे मांडले. मराठी माणसाला हे साम्य सहज जाणवत नाही, कारण वैदिक परंपरेने देव, ऋषी आणि पितर यांचे ऋण जन्मासोबतच मानले असल्याने ‘मी तुमचा ऋणी आहे’ हे वाक्य आपल्याकडे अपराधाची कबुली न ठरता कृतज्ञतेचे ठरते. कर्ज फेडू न शकणारा दोषी असतो काय, आणि त्याला माफी द्यायची झाली तर ती देण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आधुनिक युरोपात ज्या एका राजकारण्याच्या कारकिर्दीत सर्वांत तीव्रपणे उभा राहिला, ते जर्मनीचे माजी अर्थमंत्री वोल्फगांग शॉयब्ले होत.

शॉयब्ले यांचा जन्म १९४२ साली फ्रायबुर्ग येथे झाला आणि १९७२ पासून २०२३ मधील मृत्यूपर्यंत, म्हणजे सलग ५१ वर्षे, ते जर्मन संसदेचे सदस्य होते. दोन जर्मनींच्या एकीकरणाचा १९९० चा करार पश्चिम जर्मनीच्या बाजूने त्यांनीच घडवला. एकीकरणानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, १२ ऑक्टोबर १९९० रोजी, एका प्रचारसभेनंतर त्यांच्यावर गोळीबार झाला आणि उरलेले सारे आयुष्य त्यांना चाकांच्या खुर्चीत काढावे लागले. अनुदार राष्ट्रवादी म्हणून त्यांची जी प्रतिमा पुढे दक्षिण युरोपात रंगवली गेली ती अन्यायाची आहे, कारण १९९४ मध्येच पक्षसहकारी कार्ल लामर्स यांच्यासह त्यांनी युरोपातील सिद्ध राष्ट्रांनी एकत्र येऊन एकात्मतेचा घट्ट गाभा तयार करावा असा प्रस्ताव मांडला होता, आणि युरोपच्या ऐक्यासाठी केलेल्या कार्याबद्दल २०१२ मध्ये त्यांना आखेन येथे शार्लमेन पुरस्कार देण्यात आला.

फ्रायबुर्ग हे केवळ जन्मगाव नव्हते. शॉयब्ले जेथे कायदा व अर्थशास्त्र शिकले, त्या विद्यापीठात अर्थशास्त्रज्ञ वाल्टर ऑयकेन यांनी जी विचारसरणी रुजवली, तिचा एक आधारस्तंभ ‘हाफ्टुंग’ हे तत्त्व होते: ज्याने निर्णय घेतला त्यानेच त्याचे परिणाम सोसावेत, लाभ एकाचा आणि तोटा दुसऱ्याच्या माथी असे होऊ नये. हे तत्त्व मांडणाऱ्यांपैकी काही जण नाझी राजवटीत प्रॉटेस्टंट चर्चच्या वर्तुळात गुप्तपणे भेटून युद्धानंतरच्या समाजरचनेचा विचार करत असत, त्यामुळे त्यांच्या अर्थशास्त्रात धर्मविवेकाचा अंश आरंभापासून होता. स्वतः प्रॉटेस्टंट असलेल्या शॉयब्ले यांच्या ठायी हिशेब चोख ठेवणे हा सदाचाराचाच भाग होता, आणि २०१४ मध्ये १९६९ नंतर प्रथमच जर्मन केंद्र सरकारचा ताळेबंद नव्या कर्जाविना जुळला, तो त्यांच्याच अर्थमंत्रिपदाच्या काळात.

ग्रीसचे कर्जसंकट २०१० मध्ये चिघळले आणि मे महिन्यात ११० अब्ज युरोंच्या कर्जाची पहिली योजना मंजूर झाली. २०१२ मध्ये खासगी कर्जदात्यांनी आपल्या रोख्यांच्या दर्शनी मूल्यापैकी निम्म्याहून अधिक रकमेवर पाणी सोडले, परंतु सरकारांनी दिलेल्या कर्जाची मुद्दल मात्र कायम राहिली, कारण युरोपीय संघाच्या कराराचे कलम १२५ एका सदस्यराष्ट्राने दुसऱ्याच्या देण्याची जबाबदारी घेण्यास मनाई करते. १० जुलै २०१५ रोजी जर्मन अर्थमंत्रालयाने सहकाऱ्यांपुढे ठेवलेले टिपण जेमतेम एका पानाचे होते. ग्रीसने राष्ट्रीय मालमत्ता खासगीकरणासाठी स्वतंत्र निधीत ठेवावी, अन्यथा किमान पाच वर्षे युरोचलनातून बाहेर राहावे, आणि त्या अवस्थेत कर्जाची पुरेशी फेररचना करता येईल, कारण चलनसंघात राहून ती करता येत नाही, असा त्याचा आशय होता.

या पानावरचा कायदा बाजूला ठेवून त्यातील नीती पाहिली तर तिची दिशा धर्मग्रंथाच्या नेमकी उलट दिसते. बायबलच्या अनुवाद या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायात दर सातव्या वर्षी कर्जमाफीची आज्ञा आहे, आणि तेथे भेद स्पष्ट आहे: बांधवाचे ऋण सोडायचे, परक्याकडून मात्र वसूल करता येईल. जुलै २०१५ च्या युक्तिवादात माफी परक्याला मिळते आणि बांधवाला नाकारली जाते. कुटुंबात राहायचे असेल तर पूर्ण फेड, सूट हवी असेल तर उंबरठ्याबाहेर. मत्तयकृत शुभवर्तमानातील प्रभूच्या प्रार्थनेतही, जिच्या मराठी भाषांतरात ‘ऋण’ हाच शब्द आहे, ऋण सोडणे हे माणसांमधील नाते तुटू नये म्हणून येते, नाते संपल्यावर नव्हे.

तरीही शॉयब्ले यांची बाजू इतक्यावर निकालात निघत नाही, कारण त्यांच्यासारखीच अडचण प्राचीन ज्यू धर्मशास्त्रालाही भेडसावली होती. सातवे वर्ष जवळ आले की लोक गरजूंना कर्ज देणेच थांबवू लागले, तेव्हा हिलेल या आचार्यांनी ‘प्रोझबुल’ नावाची तरतूद केली: धनको आपले येणे न्यायसभेच्या स्वाधीन करतो, आणि माफीची आज्ञा व्यक्तीला लागू असल्याने संस्थेकडे गेलेले कर्ज सुटत नाही. अर्थमंत्री हाही असाच विश्वस्त असतो. पैसा त्याचा नसतो, तो करदात्यांचा असतो, आणि जर्मनीच्या घटनान्यायालयाने सप्टेंबर २०११ मध्ये अशा मदतीवर संसदेचेच नियंत्रण राहिले पाहिजे असे बजावलेही होते. दुसऱ्याच्या पैशाने उदार होणे हे पुण्य नव्हे, हा आक्षेप प्रामाणिक आहे, आणि त्याला मूर्खपणा वा क्रौर्य म्हणणाऱ्यांनी त्याचा पुरेसा विचार केलेला नाही.

परंतु विश्वस्ताला माफी देताच येत नाही, असे म्हणणे जर्मनीच्या स्वतःच्या इतिहासापुढे टिकत नाही. २७ फेब्रुवारी १९५३ च्या लंडन करारात पश्चिम जर्मनीच्या परकीय देण्यांपैकी सुमारे निम्मी देणी सोडून देण्यात आली, उरलेल्या रकमेची मुदत लांबवली गेली, आणि अमेरिकेने युद्धोत्तर मदतीपोटीच्या आपल्या येण्याचा निम्म्याहून अधिक भाग सोडला. हा पैसाही करदात्यांचाच होता, सह्या करणारेही विश्वस्तच होते, आणि त्यांच्यात ज्या देशाने जर्मन ताब्याची वर्षे उपासमारीत काढली होती, तो ग्रीसही होता. नुकत्याच संपलेल्या महायुद्धाचा दोष जर्मनीच्या माथी निःसंशय असतानाही, फेडीचे मोजमाप करताना दोष किती हे न पाहता पुढे सोबत जगायचे कसे हे पाहिले गेले. दोषाचा हिशेब आणि ऋणाचा हिशेब वेगळा ठेवता येतो, हे तेथे जर्मन भाषेच्या शब्दसाम्यावर मात करून सिद्ध झाले होते.

त्या करारातील काही व्याज जर्मनी एक होईपर्यंत स्थगित ठेवण्यात आले होते. शॉयब्ले यांनी घडवलेल्या एकीकरणानंतर ते पुन्हा देय झाले, आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या नुकसानभरपाईसाठी काढलेल्या रोख्यांच्या त्या व्याजाचा अखेरचा हप्ता ३ ऑक्टोबर २०१० रोजी, ग्रीसच्या पहिल्या योजनेनंतर पाच महिन्यांनी, ते अर्थमंत्री असतानाच भरला गेला. तो हप्ता भरणाऱ्या जर्मनांपैकी जवळजवळ कोणीही ते युद्ध पाहिलेले नव्हते. ग्रीसच्या कर्जाच्या मुदती २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये, मुद्दलाला हात न लावता, लांबवण्यात आल्या, आणि युरोपीय निधीकडील त्या कर्जाचा शेवटचा हप्ता आता २०७० मध्ये येतो. तो भरणाऱ्या ग्रीकांपैकी बहुतेकांचा २०१० मध्ये जन्मही झालेला नव्हता.