श्रीखंड्याची खेप

॥ राम कृष्ण हरि ॥



गेल्या चातुर्मासात जामनेरास आमची कीर्तनसेवा होती. कांग नदीच्या काठचे हे गाव. कांग पुढे वाघुरेला मिळते आणि वाघूर तापीमाईला. त्या रात्री निरूपण होते नाथांच्या घरच्या श्रीखंड्याचे. साक्षात द्वारकाधीश ब्राह्मणाचे रूप घेऊन पैठणास नाथांच्या वाड्यात बारा वर्षे राबला, गंध उगाळले, गोदेचे पाणी कावडीने आणून रांजण भरला, ही कथा आपणां सर्वांस ठाऊकच आहे. देवाच्या खांद्यावर कावड आली तेव्हा आयाबायांनी पदर डोळ्यांना लावला. आम्हांलाही भरून आले.

पहाटे मुक्कामाच्या घरी नळ आला. घरच्या सुनेने काल भरलेले दोन हंडे उचलले आणि मोरीत पालथे केले. आम्ही विचारले, "माय, हे काय केलं?" ती म्हणाली, "शियं पानी हाये ते, महाराज. आता ताजं भरते." आम्ही तिला दोन उपदेशाचे शब्द सांगायला सरसावलो, तोच घरच्या आजीबाई हसून म्हणाल्या, "महाराज, तुमचाबी नळ चालूच हाये." पाहतो तो खरेच! आम्ही दात घासत बोलत उभे, आणि मागे नळ धो धो वाहतो आहे. त्याआधी स्नानाला तीन बादल्या घेतल्या होत्या, त्या वेगळ्याच.

त्या आजीबाईंनी १९७२ चा दुष्काळ लहानपणी पाहिलेला. नदीच्या वाळूत झिरा उकरायचा, वाटी-वाटीने पाणी वर काढायचे, आणि एक हंडा भरला की पुढच्या बाईला जागा द्यायची, असे त्यांचे बालपण. त्यांनी आम्हांस दोष दिला नाही. पण रात्रभर देवाची कावड गाणारे आम्ही, पहाटे त्याच देवाची खेप मोरीत ओतीत होतो, हे मनाला लागले ते लागलेच.

भाविकहो, कथेचा अर्थ इतकाच नव्हे की देव भक्तासाठी पाणी भरतो. कोणाच्याही घरचे पाणी कोणीतरी वाहून आणलेले असते, हाही आहे. पूर्वी ते आईच्या डोक्यावरून येई, आज धरणातून, यंत्रातून, नळातून येते. पण मुळात ते आभाळातून देतो तोच. नार म्हणजे पाणी, ते ज्याचे अयन म्हणजे निवासस्थान, तो नारायण, असा अर्थ शास्त्रकार सांगतात. मग सांडलेले पाणी म्हणजे काय, ते ज्याचे त्याने ओळखावे.

येथे कोणी शंका घेईल, "महाराज, पाण्याची कसली कंजुषी? नाथांनी तर काशीची अख्खी कावड वाळवंटात तळमळणाऱ्या गाढवाला पाजली!" पाजली खरी, बाबा; पण पाजली, सांडली नाही. तहानेल्याच्या मुखी घातले ते दान, आपण प्यालो तो भोग, आणि मोरीत गेले ते ना दान ना भोग. नाथ उदार होते म्हणूनच काटकसरी होते. रांजण रिता असेल तर पांथस्थाला काय पाजणार?

शास्त्रानेही माप घालून दिले आहे. आचमनाला पाणी किती? उडदाचा दाणा बुडेल इतके. नारायणाचे नाव घ्यायला एवढे पुरते, तर दात घासायला तांब्याभर का पुरू नये? सन २०१९ पासूनच्या सरकारी नळयोजनेत खेड्यातल्या माणसामागे दिवसाला ५५ लिटर पाणी धरले आहे. आमच्या तीन बादल्या वीस वीस लिटरच्या. म्हणजे एका माणसाचे दिवसाचे पाणी आम्ही एका स्नानात संपवले!

आता शिळ्या पाण्याचे. झाकून, स्वच्छ भांड्यात ठेवलेले पाणी एका रात्रीत नासत नाही. मन घेत नसेल तर उकळून प्यावे. नाहीतर त्याने भांडी विसळावी, कपडे भिजवावे, फरशी पुसावी. डासांसाठी आठवड्यातून एकदा टाकी, रांजण रिकामा करून घासायलाच हवा. पण ते पाणीही कामी लावावे. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी झाडांना घालावे. आर.ओ. यंत्र असेल तर त्याच्या नळीतून वाया जाणारे पाणी बादलीत धरावे. पुष्कळ यंत्रांत ते गाळलेल्या पाण्याहून जास्त असते.

आणि गळका नळ! सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाचे सुमारे चार लिटर. चातुर्मासात पाचशे लिटरांच्या घरात जाते. पंधरा लिटरचा हंडा धरला तर तीसहून अधिक हंडे. आठ-दहा रुपयांच्या वायसरसाठी देवाला तीस खेपा घालायला लावायच्या का?

आपल्या आदिशक्ती मुक्ताईची पालखी मुक्ताईनगराहून निघून मराठवाड्यातून पंढरीस जाते. त्याच मराठवाड्यात लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. तरी त्या वाटेवरची माणसे वारकऱ्याला तांब्या पुढे केल्यावाचून राहात नाहीत. त्या तांब्याचे ऋण फेडायचे असेल तर ते आपल्या मोरीपाशी फेडावे लागेल.

जामनेर सोडताना त्या सुनेने आम्हांस सांगितले, "महाराज, आता शियं म्हनून एक थेंब फेकनार नाही." आम्हीही तिच्यासमोर नेम घेतला: स्नानाला एक बादली, मुखमार्जनाला एक तांब्या. माळ गळ्यात आहे, एकादशी आहे, त्यात हाही नेम आपण सर्वांनी घ्यावा. पैठणचा तो रांजण आजही तुकाराम बीजेपासून भाविक भरतात. आपल्या घरचा रांजण आपण सांडला नाही, तर तीही श्रीखंड्याची सेवाच आहे.

॥ राम कृष्ण हरि ॥