‘नको’ म्हटल्यानंतर

पाहुणे बैठकीतून “चहा नको हो” म्हणतात, तोवर आत आधण ठेवलेले असते, साखरही पडलेली असते. मग तो चहा कोणी प्यायचा? घरात हा प्रश्न हसण्यावारी जातो. परंतु मागणारा आणि देणारा यांच्यामध्ये कोसांचे अंतर असले, दोघे एकमेकांना दिसत नसले, म्हणजे हाच प्रश्न नीतीचा होऊन बसतो.

संगणकाने तो अगदी रोजच्या व्यवहारात आणून सोडला आहे. समजा, छत्रपती संभाजीनगरातल्या पुंडलिकनगरात एक औषधांचे दुकान आहे. तिथल्या संगणकात मालाचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम आहे. समोर बिल होत असते, आणि पडद्याआड तो ठोक विक्रेत्याच्या सर्व्हरकडे मागण्या पाठवीत असतो. कामावरचा मुलगा दहा खोक्यांची मागणी सोडतो. पडद्यावर चक्र फिरत राहते, उत्तर येत नाही, गिऱ्हाईक खोळंबते. तो ‘कॅन्सल’ दाबतो आणि पुन्हा मागणी करतो. संध्याकाळी वीस खोकी दारात! मालक त्याच्या तोंडाकडे पाहतो. मुलगा म्हणतो, “मी तर रद्द केले होते.”

तो खोटे बोलत नाही. खोटे बोलले ते बटण. ते दाबल्याने घडले एवढेच, की या बाजूचे वाट पाहणे थांबले. मागणी केव्हाच पोहोचली होती, सर्व्हरने ती वहीत टिपली होती. इकडे ऐकणारे कोणी उरले नाही, हे त्याला कळलेही नसेल. आणि कळले तरी टिपलेले खोडावे, असे त्याला कोणी सांगितले होते? “आता मी ऐकत नाही” आणि “ते करू नका” ही दोन अगदी निराळी वाक्ये आहेत. आपण दोन्हींना एकच नाव देऊन बसलो. एखाद्या गोळीचा नुसता भाव विचारला असता, तर गोष्ट वेगळी. उत्तर न ऐकता उठून गेल्याने तिथे कोणाचे काही बिघडत नाही. इथे दुसऱ्याच्या वहीत ओळ पडली होती.

कायद्याला हे फार पूर्वी उमगले. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात प्रस्ताव मागे घेता येतो, पण समोरच्याने स्वीकृतीचे पत्र टपालात टाकेपर्यंतच. आणि तारेने प्रस्ताव मागे घेतला, तर करणाऱ्यापुरते ते तार सुटताच पुरे होते. घेणाऱ्यापुरते ती हाती पडल्यावर. नकार एकच, पण त्याच्या वेळा दोन!

खोक्यांच्या गोष्टीत ब्रह्मास्त्र कशाला, असे कोणी म्हणेल. पण सौप्तिक पर्व आठवल्यावाचून राहवत नाही. अस्त्र अर्जुनानेही सोडले आणि अश्वत्थाम्यानेही. अर्जुनाला ते परत घेता आले, अश्वत्थाम्याला आले नाही. त्याने ते वळवले कुठे? उत्तरेच्या गर्भाकडे. ज्याचा भांडणाशी काडीचा संबंध नव्हता, त्याच्यावर.

मग करणाऱ्याचा हातच धरावा काय? तेही करून पाहिले गेले. चालू काम जागच्या जागी तोडण्याची आज्ञा जावा या संगणकीय भाषेत होती. १९९८ च्या आवृत्तीत ती वापरू नये असे ठरले, कारण मध्येच तोडलेले काम हिशेब अर्धवट टाकून जाई. शिंप्याच्या हातून अर्धा सदरा ओढून घेण्यातलाच तो प्रकार. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटने २०१० च्या चौथ्या आवृत्तीत दुसरी रीत आणली. मागणाऱ्याने एक खूण वर करायची. करणाऱ्याने सोयीच्या ठिकाणी ती पाहायची, पसारा आवरायचा आणि थांबायचे. मला ही रीत माणसांतलीच वाटते. मात्र ती एका घरातल्यांची झाली. खूण दूरच्या सर्व्हरला आपोआप दिसत नाही. त्याच्याकडे वेगळा निरोप धाडावा लागतो.

पुंडलिकाने दारी आलेल्या देवाला निदान वीट देऊन “थांब” असे सांगितले होते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला तेवढेही अवघड नाही. प्रत्येक मागणीला क्रमांक द्यावा. तीच पुन्हा गेली तरी सर्व्हरला ओळखता येते. ‘कॅन्सल’नंतर त्या क्रमांकाचे काय झाले ते विचारावे, आणि पडद्यावर खरे लिहावे: “थांबवण्याचा निरोप दिला आहे, माल निघाला का ते पाहतो.” एवढे वाचायला गिऱ्हाइकाला वेळ कुठला, असा आक्षेप येतो. खोळंबलेले गिऱ्हाईक चिडेल खरे. चिडू द्यावे.

राहता राहिली ती जादा दहा खोकी. त्यांचे पैसे मुलाच्या पगारातून कापू नयेत. बटणावर तो शब्द ज्याने लिहिला, त्याला आधी बोलवावे.